साखर तपासली नव्हती

तिने नाडी बघायला हात पुढे केला, तेव्हा सरांनी आपला थरथरता उजवा हात डाव्या हाताने धरून टेबलावर ठेवला.

"कधीपासून?"

"निवृत्त झाल्यापासून. खरं सांगू? त्याच्याही आधीपासून. सकाळी घोटभर घेतल्याशिवाय सहीसुद्धा जमत नाही."

व्यसनमुक्ती विभागातल्या त्या खोलीत भिंतीला टेकून चार विद्यार्थी बसले होते.

"यांच्यासमोर चालेल ना, सर?"

"मीही जन्मभर विद्यार्थ्यांसमोरच रुग्ण तपासले, डॉक्टर."

सर तिला ओळखत नव्हते. ती मात्र त्यांना अठ्ठावीस वर्षं ओळखत होती. लहानशा दवाखान्यात ताप-खोकला बघताना, पुढे दारू सोडवायचं काम अंगावर घेताना, शिकवताना, कधीतरी गाठ पडेल म्हणून ती वाट बघत होती.

तिने खणातून एका केसपेपरची प्रत काढली. दर तुकडीला ती हाच कागद द्यायची. रुग्णाचं नाव आणि डॉक्टरची सही झाकलेली असायची.

"मोठ्याने वाच."

"'दारू प्यायलेला. झोपू द्या.'" विद्यार्थिनी अडखळली. "मॅडम, वर लिहिलंय, मधुमेहाच्या गोळ्या चालू. साखर उतरली तरी माणूस प्यायल्यासारखाच दिसतो, आणि ती तपासलीच नाही? कोण गाढव होता हा?"

कुणीतरी हसलं. तिने मुलीला दटावलं नाही.

"सरांना दाखव. त्यांचं मत घेऊ."

सरांनी कागद घेऊन अक्षरांवरून बोट फिरवलं.

"गाढव मीच," ते म्हणाले. "अक्षर माझं आहे."

त्यांची खाली गेलेली मान तिने डोळे भरून पाहून घेतली.

मग त्यांनी विचारलं, "त्या सकाळी माझी ड्यूटी संपली. पुढे काय झालं या माणसाचं?"

सबबी ऐकायची तिची तयारी होती. याची नव्हती. म्हणजे यांना ठाऊकच नव्हतं! इतकी वर्षं हे खुशाल झोपत होते.

"सांगेन. पण आज नाही. आज ऐकलंत तर घरी जाऊन प्याल आणि विसराल. भरती व्हा."

ते भरती झाले. रोज राउंडला विचारायचे. ती नाडी बघायची, म्हणायची, "अजून नाही." चौथ्या दिवशी ते भ्रमात बरळू लागले, तेव्हा ती दिवसभर खाटेपाशी बसून राहिली. औषधं स्वतः दिली, साखर स्वतः तपासली. परिचारिका म्हणाली, "मॅडम, घरच्या माणसासारखं करताय."

"यांना मरू द्यायचं नाहीये मला," ती म्हणाली.

अकराव्या दिवशी सरांनी आपल्या हाताने दाढी केली. कुठेही कापलं नव्हतं. तिने स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली.

"त्या माणसाला आणलं, तेव्हा दारात एक मुलगी उभी होती. तिने तुम्हाला दोनदा सांगितलं, बाबांना साखर आहे म्हणून."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग पाहतच राहिले.

ती सावकाश पुढे सांगू लागली.