पूजेला बसलेली खुर्ची

“खुर्चीवर बसूनच योगा करायचा असला तर बसस्टँडवर जा म्हणावं तिला! तिथं रांगेनं खुर्च्या आहेत. माझ्या स्टेजवर नाही चालायचं!”

दामोदरमामा असा ओरडला की कानडी मुलखातल्या मंडी मोहल्ल्यात, मराठा समाजाच्या हॉलमध्ये झेंडूच्या माळा ओवत बसलेल्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले. ओरडला तो फत्तेसिंगवर. जिच्याबद्दल बोलणं चाललं होतं ती वनजा, फत्तेसिंगची थोरली बहीण, तिथंच भिंतीला टेकून उभी होती. पण मामा तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता.

“तिलाच सांगा ना मग,” फत्तेसिंग म्हणाला. “तिचा पाय आखडलाय, कान नाही.”

“तोंड आवर! शाळा सोडून पळालेला तू, मला योग शिकवतोस?”

“शिकवत नाही. बघतो नुसता. गोकुलमला तुमच्या क्लासात त्या परदेशी लोकांच्या बुडाखाली फोमच्या विटा, पाठीखाली उशा, पायाला पट्टे. ते चालतं. आमच्या अक्कानं एक खुर्ची घेतली की लगेच तुम्हाला परंपरा आठवते.”

माळांच्या ढिगामागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मामाचे कान लाल झाले.

“ते पाहुणे. येतात, जातात. आपण इथले. आपलं आसन चोखच पाहिजे.”

फत्तेसिंगच्या डोक्यात तिडीक गेली. एके काळी मामाची सगळ्यात चोख शिष्या वनजाच होती. मग वरुणा गावच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरनं तिच्या स्कूटरला उडवलं. उजवा गुडघा सांधला, पण पुन्हा वाकला नाही. मामा दवाखान्यात फळं घेऊन आला, डोळे पुसून गेला, आणि त्यानंतर त्यानं तिला क्लासात कधी बोलावलं नाही. पोर वाया गेली म्हणे. जणू दूध नासलं!

वनजानं घरीच खटपट सुरू केली. वाकणारा डावा पाय पुढं, त्याची मांडी खुर्चीवर टेकवायची, उजवा पाय मागं सरळ ताणायचा, दोन्ही हात बाजूंना पसरायचे. वीरभद्रासन. मागचा पाय त्यात सरळच लागतो, आणि तिचा तर कायमचाच सरळ. फत्तेसिंग वेल्डिंगच्या दुकानात कामाला होता. त्यानं एका लोखंडी घडीच्या खुर्चीची पाठ कापून टाकली, कडा घासल्या, घसरू नये म्हणून पायांना ट्यूबचं रबर चढवलं. शाळेनं त्याला जे कधी दिलं नव्हतं ते त्या खुर्चीनं दिलं. ती बघून वनजा म्हणाली होती, “बरोब्बर.”

मग गल्लीतल्या बायका विचारू लागल्या. भवानीबाईचे, म्हणजे या दोघांच्या अम्माचे, गुडघे धरलेले. शेजारच्या जयलक्ष्मीला अंगावरून वारं गेल्यापासून एक हात उचलत नव्हता. हॉलचे अध्यक्ष गंगाधरराव वनजाला म्हणाले, “आयुधपूजेच्या संध्याकाळी स्टेजवर करून दाखव. लोकांना पटलं तर रोज सकाळी हॉल तुझा.” तेवढंच हवं होतं तिला.

आणि आज, आयुधपूजेच्याच दिवशी, मामानं ती खुर्ची उचलली आणि हॉलच्या पायऱ्यांवर भिरकावली. खण्णकन आवाज झाला.

“पुन्हा आत दिसली तर भंगारात घालीन!”

फत्तेसिंग बाहेर गेला. खुर्ची उचलून आत आला तो थेट पूजेच्या कोपऱ्यात. तिथं सगळ्यांची आयुधं मांडलेली होती. फत्तेसिंगच्या पणजोबांची घोडदळातली गंजकी तलवार, शंभूराव शिंप्याचं शिलाई मशीन, सुताराच्या करवती, फत्तेसिंगचं स्वतःचं वेल्डिंगचं होल्डर. त्यानं तलवारीशेजारी खुर्ची ठेवली, कुंकवाची वाटी घेतली आणि खुर्चीच्या चारी पायांना बोटं ओढली. वर माळ घातली. तेवढ्यात भटजी आलेच. त्यांनी मंत्र म्हटले, अक्षता टाकल्या, खुर्चीवरसुद्धा टाकल्या, आरती ओवाळली, दारात कोहळा फोडला.

“आता घाला बघू भंगारात!” फत्तेसिंग कमरेवर हात ठेवून उभा राहिला. “पूजा झालेली वस्तू आहे. लावा हात!”

फत्तेसिंगला वाटलं, जिंकलो.

“अय्यो, गाढवा!” अम्मा कपाळाला हात लावून म्हणाली. “पूजेला बसवलीस? आता संध्याकाळी उठवणार कशी तिला?”

आयुधपूजा झाली की हत्यार त्या दिवशी जागचं हलवायचं नाही. सुतार करवत धरत नाही, शिंपी मशीनला पाय लावत नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला बन्नीची, म्हणजे शमीची, पानं वाहायची, मगच काम. हे फत्तेसिंगला पाळण्यापासून माहीत होतं. रागात आठवलं नव्हतं, एवढंच.

“बाहेर सगळ्या गाड्यांची पूजा करतात आणि लगेच बुंगाट सोडतात! ते कसं चालतं?”

“गाडी लिंबू चिरडून सोडतात,” अम्मा म्हणाली. “खुर्चीला काय चिरडायला लावतोस, तुझं डोकं?”

बायका हसल्या. मामाही हसला, ओठ मिटून. “देवानंच निकाल दिला म्हणायचं.”

ते हसणं फत्तेसिंगला चटका बसल्यासारखं लागलं. त्यानं फुलांच्या टोपलीला लाथ हाणली आणि तो कोपऱ्याकडं धावला. अम्मा आडवी आली. हॉलमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणून बघितल्या. त्यांना हात होते, मांडी आडवी टेकेना, आणि गुळगुळीत फरशीवर त्या सरकत होत्या.

“राहू दे,” वनजा म्हणाली. “अम्माचं मन मोडून मला काही नको.”

“तुझ्यासाठी केलं मी!”

“माझ्यासाठी नाही. मामाला हरवायला केलंस. मला विचारलंस कुठं?”

त्याला आणखीच राग आला. वनजा मात्र त्याच्याकडं खालपासून वरपर्यंत बघत होती, तो दुकानात लोखंडाचा बार बघायचा तशी.

“ओणवा हो.”

“काय?”

“घोडा हो, घोडा. लहानपणी व्हायचास तसा.”

तो कुरकुरत हातागुडघ्यांवर आला. वनजानं चटई टाकली, डावी मांडी त्याच्या पाठीवर टेकवली, उजवा पाय मागं सरळ रोवला आणि हात पसरले.

“झालं की गं!” जयलक्ष्मी ओरडली.

“अक्का, तू जड झालीस.”

“सुम्ने राहा. खुर्ची बोलत नाही.”

संध्याकाळी हॉल गच्च भरला. स्टेजच्या पायऱ्यांपाशी मामानं फत्तेसिंगचा दंड धरला.

“ऐक माझं. सगळ्या मंडळींसमोर मराठ्याचं पोर जनावरासारखं ओणवं होणार? लाज आहे का काही? लोक म्हणतील, हाच का दामोदररावांचा भाचा?”

फत्तेसिंगनं बघितलं. मामाचा एक हात त्याच्या दंडावर होता, आणि दुसऱ्या हातानं त्यानं कठडा घट्ट धरला होता. धरायचाच. गेला पावसाळाभर पायरी चढताना धरत होता. क्लासात खाली वाकायची वेळ आली की एखाद्या शिष्याला पुढं करत होता. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, फत्तेसिंगच्या आलं होतं. सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगावं, असं त्याच्या अगदी जिभेवर आलं.

“कंबर कधीपासून धरलीय, मामा?” त्यानं दात ओठ खाऊन, पण हळूच विचारलं.

मामाचा चेहरा उतरला. दंडावरची पकड तेवढी सुटली नाही.

“कुणी सांगितलं तुला?”

“कठड्यानं. उद्या बन्नी वाहून झाली की खुर्ची मोकळी होईल. तुमच्या मापाची आहे ती. अक्काला विचारा, नीट विचारा, तिच्याकडं बघून.”

माइकवर गंगाधररावांनी वनजाचं नाव घेतलं. ती पाय ओढत स्टेजच्या मधोमध गेली, चटईवर उभी राहिली. बाजूला रिकामी जागा. तिनं मान वळवून पायऱ्यांकडं बघितलं. पुढच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं, कुणीतरी हसलं.

“हात सोडा, मामा. तिकडं खुर्ची लागतीय. मला आता जायचंय.”