चार इंचांचा आग्रह

मुलाने एका शब्दाचाही विरोध केला नाही, तिथेच अण्णांना शंका आली.

कळायला लागल्यापासून या मुलाने त्यांच्या जुन्या पिकअप ट्रकबद्दल एक बरा शब्द काढला नव्हता. भंगार म्हणून झालं, धूर सोडणारं कपाट म्हणून झालं, गल्ली अडवणारा हत्ती म्हणून झालं. आणि आता गाडीच्या मागच्या स्प्रिंगच्या कमानी बसल्यात, नव्या घालायच्याच आहेत तर थोडी उंच करून घ्यावी म्हणतो, एवढंच अण्णा जेवताना बोलले, तर चिरंजीव ताटावरून मान वर करून म्हणाले, "थोडी कशाला? चांगली चार इंच करा. टायरही मोठे घाला. रुबाब दिसेल."

अण्णांचा घास हातातच राहिला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती पाण्याचा तांब्या भरायला उठली, आणि तो तर भरलेलाच होता.

अण्णा पस्तीस वर्षं वीज कंपनीत वायरमन होते. तारेत वीज नाही असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तरी खांबावर चढण्याआधी ते स्वतः तपासत, आणि तपासून झाल्यावर पुन्हा एकदा तपासत. या सवयीने त्यांचा जीव वाचला आणि घरातल्यांचा मात्र नकोसा झाला. भाजीवाल्याचा काटा, डॉक्टरची चिठ्ठी, शेजाऱ्याचं अकारण हसणं, यातलं काहीही त्यांच्या तपासणीतून सुटत नसे. कंपनीने शिड्या आणि केबलची रिळं वाहून थकलेली ही मोहरी रंगाची गाडी लिलावात काढली तेव्हाही त्यांनी ती सात वेळा पाहिली होती. त्याला एकतीस वर्षं झाली. नोकरी गेली, शिडी गेली, चहातली साखरही गेली. पण रोज सकाळी तासभर गाडी काढायची, बाजाराला वळसा घालून नदीच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढं अजून त्यांच्या हुकमात होतं. ते कुणी काढून घेईल हा विचारही त्यांना सहन व्हायचा नाही.

म्हणून ते कामाला लागले. पुरावे धडाधड मिळत गेले. टेबलावर गाडी उंच करायच्या लिफ्ट किटचं एक माहितीपत्रक आपोआप येऊन पडलं होतं, आणि त्यात चार इंचांच्या किटभोवती पेनाने गोल केला होता. रविवारी मुलाने कुणी न सांगता गाडी धुतली. धुतल्यावर समोरून एक, बाजूने एक असे फोटो काढले. आणि मंगळवारी तो जिन्याखाली फोनवर हलक्या आवाजात बोलत होता, तेव्हा अण्णा नेमके वरच्या पायरीवर चपला शोधत होते. चपला त्यांच्या पायातच होत्या.

"हो, चारच," मुलगा म्हणत होता. "दोन केले तर काही उपयोग नाही. नाही, त्यांना अजून काही कळलेलं नाही."

अण्णांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता सगळं स्पष्ट होतं. जुनी गाडी, उंच उठवलेली, मोठ्या टायरची: अशा गाडीवर हौशी तरुण जीव टाकतात. अण्णांच्या हातून गाडी सजवून घ्यायची आणि मग कुणातरी नुकतंच मिसरूड फुटलेल्या पोराला विकून मोकळं व्हायचं, असा हा बेत होता.

त्या दिवशी बायको बहिणीकडे गेली होती. ती परत आल्यावर त्यांनी तिला आपला निष्कर्ष सांगितला.

"तुमचं आपलं काहीतरीच," ती कपाट लावता लावता म्हणाली. "पोटचा पोरगा आहे तो."

"म्हणूनच म्हणतो. बाहेरच्याला गाडीची किल्ली कुठे असते ते माहीत नसतं."

त्या रात्रीपासून किल्ली त्यांच्या उशीखाली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेप घेऊन शेडचं दारही मोजलं. उंच केलेली गाडी शेडमध्ये जात नसेल तर ती बाहेर उभी राहणार, आणि बाहेर उभी राहिली की कुणाच्याही नजरेत भरणार, असा त्यांचा हिशोब होता. पण उंच झाली तरी गाडी दोन बोटं राखून आत जात होती. अण्णा जरा हिरमुसले.

शेवटी त्यांनी ठरवलं की आपणही ताकास तूर लागू द्यायची नाही. मिस्त्रीसमोर आपणच चार इंच म्हणायचं आणि पोराचा चेहरा वाचायचा.

मिस्त्री त्यांच्याच वयाचा होता. बोलणं कमी, आणि जे बोलायचा तेही गाडीखालून. शनिवारी सकाळी बापलेक गॅरेजमध्ये पोचले. गाडी अर्थातच अण्णांनीच चालवत आणली; मुलगा स्कूटरवर मागून आला. मिस्त्रीने गाडीखाली सरकून कमानी ठोकून पाहिल्या, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवलं, मडगार्ड आणि टायर यांच्यामधल्या फटीत हात घालून पाहिला.

"दोन इंच करा," तो बाहेर येऊन म्हणाला. "टायर एक माप मोठा. गाडी शोभेल आणि चालेल. चार केले तर ब्रेकचे पाइप लांब करावे लागतील, चाकं फिरवणारा प्रॉपेलर शाफ्ट तिरका होईल, आणि त्याबरोबरचा तेहतीस इंची टायर वळणावर मडगार्डला घासेल. मडगार्ड कापावं लागेल."

जास्तीचं काम स्वतःहून नाकारणारा मिस्त्री अण्णांनी जन्मात पाहिला नव्हता. हाही सामील आहे की काय? की मुलाच्या नकळत दुसऱ्याच कुणाला सामील आहे? त्यांनी घसा साफ केला.

"चार," ते म्हणाले. "कापा मडगार्ड."

आणि त्यांनी झटकन मुलाकडे पाहिलं. मुलगा खूश झालेला नव्हता. तो खाली फरशीवरच्या तेलाच्या डागाकडे बघत होता.

"ठीक आहे," मिस्त्री म्हणाला. "पण माझी एक पद्धत आहे. आधी चढून दाखवायचं, मग मी पाना हातात घेतो."

त्याने कोपऱ्यातून जाड लाकडी ठोकळे ओढून आणले, गाडी जॅकवर घेऊन चारही चाकांखाली सरकवले, दोनदा हलवून पाहिले. "किट आणि टायर धरून पाच इंच वाढणार. एवढी उंच होईल. बसा."

अण्णांनी दार उघडलं. सीट त्यांच्या बरगड्यांपर्यंत आली होती. खांबावर माकडासारखा चढणारा माणूस मी, मला काय सांगता, असं मनात म्हणत त्यांनी स्टिअरिंग पकडलं आणि डावा पाय उचलला. पाय उंबऱ्यापर्यंत पोचला, पण गुडघ्याने उरलेलं अंग वर घ्यायला साफ नकार दिला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी दाराची चौकट धरली, अर्धे वर गेले आणि तिथेच लटकले. मुलगा पुढे धावला.

"हात लावू नकोस."

ते खाली उतरले. तिसऱ्यांदा पाय उचलण्याआधी त्यांनी मुलाचा चेहरा पाहिला. त्यावर लबाडी शोधायला ते आठवडाभर डोळ्यात तेल घालून बसले होते. पण तिथे फक्त लाज होती.

"तुला माहीत होतं," अण्णा म्हणाले. "मला चढता येणार नाही, हे तुला माहीत होतं."

"हो."

"मग विकायची कुणाला होती? फोटो कशाला काढलेस?"

"विकायची?" मुलगा गोंधळला. "कोण विकतंय? फोटो किटवाल्याने मागितले होते."

"फोनवर कोण होतं मंगळवारी?"

"आई."

हे मात्र त्यांच्या कुठल्याच तपासणीत आलं नव्हतं.

"आईला चारही कमीच वाटत होते," मुलगा म्हणाला. "वाटलं, उंच झाली की तुम्हीच म्हणाल, नको आता. आम्हाला म्हणावं लागणार नाही."

"काय म्हणावं लागणार नाही?"

मुलाने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री पाना घेऊन दुसऱ्या गाडीखाली गेला.

"मागच्या महिन्यात, बुधवारी, मी ऑफिसला जाताना तुमच्या मागेच होतो," मुलगा म्हणाला. "बाजाराच्या वळणावर डाव्या हाताला एक सायकलवाला होता. तुम्ही सरळ त्याच्यावर गाडी घातलीत, अण्णा. त्याने सायकल सोडून फुटपाथवर उडी मारली. हात सोलला त्याचा. मी थांबलो, त्याला दवाखान्यात नेलं. तुम्ही पुढे निघून गेलात."

"मी थांबलो नाही?"

"तुम्हाला कळलंच नाही."

अण्णांना तो बुधवार चांगला आठवत होता. पुलावर छान वारा होता. घरी येऊन त्यांनी गाडी एका फटक्यात शेडमध्ये लावली होती आणि बायकोला बोलावून दाखवलीही होती. ती काही न बोलता आत गेली, तेव्हा ते मनातल्या मनात रागावले होते. डाव्या बाजूला हल्ली थोडं धुरकट दिसतं हे त्यांना ठाऊक होतं, पण काचच घाण आहे असं धरून ते ती पुसत राहिले. अख्ख्या जगावर संशय घेतला, पण स्वतःच्या डोळ्यांवर घ्यायचं त्यांना सुचलं नव्हतं. त्यांनी हात खिशात घातले. खिशात किल्ली होती.

"तोंडाने मागायची होतीस," ते म्हणाले. "किल्ली मागायची होतीस, इतकंच. मडगार्ड कापायला निघालात चांगल्या गाडीचं."

"मागितली असती तर दिली असतीत?"

अण्णांनी खिशातली किल्ली बाहेर काढून पाहिली. "नसती दिली," ते म्हणाले.

त्यांनी वाकून त्या दुसऱ्या गाडीखालचे मिस्त्रीचे पाय पाहिले. "मिस्त्री, दोन इंच करा. टायर तुम्ही म्हणालात तेवढाच. आणि एक पायरी लावा."

"ड्रायव्हरच्या बाजूला?" गाडीखालून आवाज आला.

"नाही. पलीकडे."

किट यायला चार दिवस लागणार होते. मिस्त्रीने ठोकळे काढले, गाडी जमिनीवर आली. स्कूटर गॅरेजमध्येच राहिली. अण्णांनी किल्ली मुलाच्या हातात दिली, गाडीला वळसा घातला आणि बायकोच्या जागेवर जाऊन बसले. काच खाली करायला गेले तर हँडल दगडासारखं घट्ट. हे तिने वर्षानुवर्षं सांगितलं होतं, आणि दर वेळी त्यांनी उत्तर दिलं होतं की तुला फिरवता येत नाही.

मुलाने गाडी सुरू केली. बाजाराच्या वळणापाशी त्याने वेग कमी केला, डावीकडे नीट पाहिलं आणि मग वळला. अण्णाही त्याच बाजूला बघत होते. त्यांना काही दिसलं नाही.

"कुणी होतं का?" त्यांनी विचारलं.

"दोघं होते," मुलगा म्हणाला. "गेले नीट."

अण्णांनी मान हलवली, आणि मग बराच वेळ त्याच्या पायांकडे बघत राहिले.

"क्लचवरचा पाय काढ," ते म्हणाले.