काठीवरची खाच

पहिल्या पट्ट्याचा नट सुटला तसा तिच्या तोंडावर मूठभर गंज पडला. तिनं डोळे मिटले, थू थू केलं आणि आडवी पडूनच हात गाडीखालून बाहेर काढला.

"किती झाले?" बाबांनी वरून विचारलं.

"एक."

"वाटीत टाक. चार आहेत. चारच परत लागले पाहिजेत."

"नट कोण खाणारे, बाबा?"

"खाणारा सांगून खातो का?"

बाबा शेडच्या दाराशी स्टुलावर बसले होते. सकाळपासून चहाला तेवढे उठले होते. गाडी चार लोखंडी घोड्यांवर टेकवून उभी, मागची चाकं काढलेली, बॅटरीची तार सोडलेली. भिंतीला टेकवलेली पेट्रोलची नवी टाकी कोऱ्या पत्र्यानं चमकत होती. गेली दोन वर्षं सुटीच्या दिवशी ती या गाडीखाली जात होती. आधी ब्रेक, मग वायरिंग, आता टाकी. गॅरेजमध्ये गाडी न्यायची बाबांची तयारी नव्हती. गॅरेजवाला चांगली वस्तू काढून घेतो आणि भंगार बसवतो, हे त्यांचं ठाम मत होतं. म्हणून मग पुस्तकं वाचून, व्हिडिओ बघून आणि नाक्यावरच्या वेल्डरची बोलणी खाऊन ती शिकली. आठवडाभर प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायचे आणि रविवारी गंज खायचा.

या घरात मोजमापाला तोटा नव्हता. दुधाच्या भांड्यावर आतून रेघ होती, तेलाच्या बरणीवर कागदाची चिकटपट्टी होती, स्पिरिटच्या बाटलीवर ब्लेडची खूण होती. आई म्हणायची, "माझ्या डोक्यामागे भिंतीवर एक रेघ मारून ठेवा. झिजले तर कळेल तरी." बाबा हसत नसत. खूण नसेल तर माणूस आंधळा, असं त्यांचं म्हणणं. तीही त्यांच्याच वळणावर गेली होती. डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहायचं, हा प्रयोगशाळेचा पहिला नियम तिला कुणी शिकवावा लागला नव्हता.

दुसरा नट सुटला. तिसऱ्यानं घाम काढला. चौथा फिरेचना, तेव्हा तिनं त्याच्यावर तेल सोडलं आणि वाट बघत पडून राहिली.

पडल्या पडल्या तिला समोरच्या खिळ्यावर टांगलेली काठी दिसली. बोटभर रुंद, सपाट, लाकडी. गाडीचा पेट्रोलचा काटा पहिल्यापासून बंद होता. बाबा डिकीतलं झाकण काढून ही काठी सरळ टाकीच्या तळापर्यंत घालायचे आणि ओल कुठवर आली ते बघायचे. काठीवर एकच खाच होती, खोल, जुन्या चाकूची.

ती खाच कशी पडली, ते तिला पाठ होतं.

ती अकरा वर्षांची होती. बाबा शनिवारी संध्याकाळी पेट्रोल भरून आणत आणि रविवारी सकाळी काठी घालत. एका रविवारी ओल चार बोटं खाली आली. बाबांनी जिथं ओल होती तिथं चाकूनं खूण केली. पुढच्या रविवारी पुन्हा कमी. पुन्हा खूण केली, तर ती पहिल्या खुणेवरच बसली. तिसऱ्या वेळीही तीच जागा. तेव्हा बाबा आईला स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाले होते, "बघ, कसा मापात काढतो. हा कारागिराचा हात आहे."

कारागीर घरात एकच होता. मामा. आईचा धाकटा भाऊ, फरश्या आणि टाइल्स बसवायचा. न्हाणीघराचं काम करायला म्हणून आला आणि मागच्या खोलीत राहिला. त्याच्याजवळ एक लांब पारदर्शक नळी होती. नळीत पाणी भरून तो एका भिंतीवरची उंची दुसऱ्या भिंतीवर नेऊन दाखवायचा. "बघा इन्स्पेक्टर, पाणी खोटं बोलत नाही," म्हणायचा. इन्स्पेक्टर म्हणजे ती. घरातलं काहीही सांडलं, फुटलं, हरवलं की ती भिंग घेऊन हजर व्हायची.

चौथ्या रविवारी पहाटे तिला जाग आली आणि खिडकीतून दिसलं: मामा गाडीखालून बाहेर येतोय. हातात ती नळी आहे. शेजारी बादली आहे. त्यानं इकडेतिकडे बघितलं, बादली झाडांत ओतली आणि हात मातीला पुसले.

बाबांनी विचारलं नव्हतं. तीच सांगायला गेली. नळी, बादली, इकडेतिकडे बघणं. काहीही वाढवलं नाही, काहीही वगळलं नाही. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. त्या हाताचं वजन तिला अजून आठवत होतं.

दुपारपर्यंत मामाची पिशवी दारात आली. आई रडत होती. मामानं तोंड उघडलं, मग तिच्याकडे बघितलं आणि मिटलं. जाताना बाबांना एवढंच म्हणाला, "दाजी, आज पुन्हा भरा. आणि उद्या काठी घालून बघा."

बाबांनी भरलं. दुसऱ्या दिवशी काठी घातली. ओल केसभरही हलली नव्हती.

"बघितलंस?" ते आईला म्हणाले होते. "गेला आणि थांबलं."

त्याला चौदा वर्षं झाली. त्यानंतर पेट्रोल कधीच कमी झालं नाही. पुढं बाबांचे गुडघे गेले आणि गाडी शेडमध्ये राहिली ती राहिलीच.

"झोपलीस का?" बाबांनी विचारलं.

"तेल मुरू देतेय."

चौथा नट करकरत सुटला. तिनं टाकीखाली फळी आणि फळीखाली जॅक लावला होता. आता रबरी नळी सोडवली, काट्याची तार काढली आणि जॅकचा दांडा सावकाश फिरवला. टाकी फळीवर बसून बोटाबोटानं खाली आली. दोघांनी ती ओढून उजेडात घेतली. बाबांनी वाटीतले नट आधी मोजले, मग टाकीकडे बघितलं.

टाकीची दशा बघण्यासारखी होती. वरचा पत्रा पापडासारखा फुगलेला, तळाला गंजाच्या खपल्या. उरलंसुरलं काळपट पेट्रोल तिनं आदल्या दिवशीच काढून घेतलं होतं. आता तिनं टाकी साबणाच्या पाण्यानं तीनदा खळखळून धुतली आणि पालथी घातली. मग पट्ट्यांखालच्या जागा पुसायला लागली. लोखंडी पट्टा पत्र्याला घासू नये म्हणून मधे दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा असतो. नमदा पाणी धरून ठेवतो आणि त्याखालीच पत्रा सगळ्यात आधी कुजतो, हे तिनं वाचलं होतं. डाव्या पट्ट्याखालचा नमदा चिखलासारखा हातात आला.

उजव्या पट्ट्याखालचा नमदा मात्र पूर्वी कुणीतरी कापला होता. कडा सरळ होती, पात्यानं कापल्यासारखी. कापलेला तुकडा परत जागेवर दाबून बसवलेला होता.

तिनं तो उचकटला. खाली, टाकीच्या उभ्या बाजूवर, विटकरी रंगाचा एक थर होता, अंगठ्याच्या नखाएवढा, दगडासारखा कडक. सगळी टाकी सडली होती. तेवढ्या जागेला काही झालं नव्हतं.

तिनं फडकं ओलं करून आजूबाजूला फिरवलं. तेलकट मळ निघाला आणि त्याखालून लाल पेन्सिलची रेघ वर आली. रेघ आडवी होती आणि बरोबर त्या थराच्या मधून जात होती. रेघेच्या टोकाला उलटा छोटा त्रिकोण काढलेला होता, टोक रेघेला टेकलेलं.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. तिच्या हातातल्या फडक्यातून पाणी ठिबकत होतं.

"काय आहे?" बाबा म्हणाले.

"काही नाही."

"काही नाही तर बघतेस काय?"

ती उठली आणि खिळ्यावरची काठी काढली. बाबांच्या भुवया वर गेल्या. तिनं टाकी सरळ केली, काठी तोंडातून तळाला टेकेपर्यंत घातली, तोंडाशी काठी चिमटीत पकडली आणि तशीच वर काढून टाकीच्या बाहेरून, तळाच्या पातळीवर उभी धरली. खाच रेघेवर आली. तिचा विश्वास बसला नाही. तिनं खिशातली स्टीलची पट्टी काढली. काठीवर तळापासून खाच, साडेअकरा सेंटिमीटर. टाकीवर तळापासून रेघ, साडेअकरा सेंटिमीटर.

काट्यासाठी ठेवलेल्या गोल भोकातून तिनं टॉर्च आणि छोटा आरसा आत घातला. गंजलेल्या भिंतीवर मसुरीएवढा विटकरी ठिपका आत डोकावत होता.

आता तिला आपल्या सगळ्या नोंदी पुन्हा दिसायला लागल्या, त्याच क्रमानं, पण वेगळ्या. भोकाच्या वर जेवढं पेट्रोल असेल तेवढंच गळणार. भोकापाशी आलं की थांबणार. शनिवारी भरा, रविवारी खाचेवर. दरवेळी तिथंच. नमदा ओला होत राहणार, थेंब थेंब मातीत जाणार, आणि शेडची जमीन तेव्हा मातीचीच होती. चोर इतक्या मापात तीनदा कसा काढील, हा प्रश्न घरात कुणालाच पडला नव्हता. फक्त एका माणसाला पडला. त्यानं पाण्याची नळी लावून खाचेची उंची बाहेरून टाकीवर आणली, सवयीनं खूण केली, नमदा कापला, भोक कोरडं असताना बुजवलं आणि उरलेलं पाणी झाडांना घातलं.

पाणीच होतं बादलीत. तिनं तेव्हा वास घेऊन बघितला नव्हता.

"बाबा, इकडे या."

ते गुडघ्यावर हात ठेवून आले. तिनं काठी रेघेला लावून दाखवली. बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. खाच बघितली, रेघ बघितली.

"भोक त्यानंच पाडलं असेल," ते म्हणाले.

"खिळ्यानं पाडलं तर पत्रा आत दबतो. हे कुरतडल्यासारखं आहे. नमद्याखाली गंजून पडलंय."

"तुला काय माहीत?"

"आरशात बघा."

त्यांनी आरसा घेतला नाही. "मग सांगितलं का नाही त्यानं? तोंडाला कुलूप होतं?"

"सांगितलं होतं. उद्या काठी घालून बघा म्हणाला होता."

बाबा त्रिकोणाकडे बघत होते. मग त्यांची मान आपोआप घराकडे वळली, जिकडे न्हाणीघराची खिडकी होती. त्या टाइल्सचे सांधे याच विटकरी मसाल्यानं भरलेले होते. पाण्याच्या पिंपामागे असाच लाल त्रिकोण राहून गेला होता. रोज अंघोळीला दोघांच्याही नजरेसमोर असायचा.

"भंगारात दे ही टाकी," ते म्हणाले. "आजच्या आज."

"बघू."

तेवढ्यात आई पर्स घेऊन ओट्यावर आली. केस विंचरलेले, चप्पल घातलेली. "जाऊन येते हो. दातवाल्याकडे."

महिन्यातून एकदा, दुसऱ्या रविवारी आई दातवाल्याकडे जायची. जाताना तिच्या पिशवीत डबा असायचा. दात दाखवायला जाताना डबा कशाला, हे घरात कुणी विचारत नसे. तीही आईबरोबर कधी गेली नव्हती.

"कोणता दात?" बाबांनी नेहमीसारखं विचारलं. आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

"खालचा."

"चौदा वर्षं झाली. बत्तीसच्या बत्तीस पाचदा बघून झाले असतील त्याचे."

"तुमची मोजदाद राहू द्या. भाजी झाकून ठेवलीय." मग आईचं लक्ष मुलीकडे गेलं. "आणि तुला काय झालं गं? चेहरा बघ."

तिनं फडक्यानं हात पुसले. गंज नखांत राहिलाच. "आई, थांब. मी येते."

"कुठं?"

"दातवाल्याकडे. माझाही एक दाखवायचा राहिलाय."

आईनं तिच्याकडे बघितलं, मग टाकीकडे, मग नवऱ्याच्या पाठीकडे. पर्सची चेन उघडून पुन्हा लावली. "तोंड तरी धुऊन ये," ती म्हणाली. "त्या तोंडानं जाणारेस का?"

"याच तोंडानं सांगितलं होतं," ती पुटपुटली. ते आईला ऐकू गेलं की नाही कळलं नाही. तिनं काठी कापडात गुंडाळली. बाबांनी ते बघितलं. काठी घरातून बाहेर कधी गेली नव्हती. ते अडवतील म्हणून ती थांबून राहिली. त्यांनी अडवलं नाही.

फाटकापाशी पोचल्यावर तिनं मागं वळून बघितलं. बाबा एक गुडघा दुमडून टाकीपाशी टेकले होते. हा गुडघा आता दुमडायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. एका हातानं त्यांनी टाकी धरली होती आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याचं नख विटकरी थराच्या कडेखाली घालून जोर लावत होते. एकदा लावला. जागा बदलून पुन्हा लावला.

थर निघत नव्हता.