स्त्रियांच्या रकान्यातला एक

रुळाच्या अलीकडं वस्ती, पलीकडं नळ. मालगाडी आली की भरला हंडा डोक्यावर घेऊन खडीत उभं राहायचं आणि ती संपायची वाट बघायची. शालनबाई डबे मोजायची नाही. मानेत कळ कुठवर उतरली, त्यावरून तिला गाडीची लांबी कळायची. असंच उभ्या उभ्या तिनं एक ओवी जुळवली होती, आणि वस्तीतल्या बायांनी ती उचलली होती:

रुळाच्या अल्याड बाई माजा मातीचा संसार
हंडाभर पान्यापायी लोखंडाची येस पार

पिंपरीत कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या, कॉलन्या झाल्या, बस आली. नळ मात्र ही लोखंडाची वेस ओलांडून अलीकडं आला नाही. लग्न होऊन आली तेव्हा शालनबाई विहिरीला जायची, आता नळाला. बावीस वर्षांत पाय तेच, वाट तीच.

तिचा नवरा भिमाजी कंपनीत भट्टीवर होता. छप्पन साली बौद्ध होताना, मिसरूड फुटायच्या वयात, त्यानं घरातले देव टोपलीत घालून पवना नदीत सोडले होते. बापाची येसकराची, वेस राखायची घुंगरकाठी गुडघ्यावर मोडून चुलीत घातली होती. "त्या काठीवर भाजलेली भाकर खाल्लीय मी," असं तो सांगायचा, आणि सांगताना अजून त्याच्या तोंडाला त्या भाकरीची चव यायची.

एक्क्याऐंशीच्या शिरगणतीनंतर नगरपालिकेचे नवे वॉर्ड पडणार होते. जिथं अनुसूचित जातीची माणसं जास्त, तो वॉर्ड राखीव. राखीव झाला की वस्तीतला माणूस निवडून जाणार, आणि तो गेला की नळ रूळ ओलांडणार. माणूसही ठरला होता, भिमाजीच. शालनबाईनं दाराशेजारची एक जागा मनातल्या मनात सारवून ठेवली होती. तोटी तिथं यायची होती.

गणतीच्या आधी विहारात बैठक झाली. भिमाजी उभा राहिला.

"मोजनीचं गुरुजी दारात येतील. धर्म इचारला की बौद्ध सांगायचं. जात इचारली की म्हनायचं, सोडली. नऊशे मानसं हाये आपन. नऊशे येळा बौद्ध लिवलं गेलं पायजे."

"आन ते राखीव?" शेजारची गिरजाबाई म्हणाली. "ते जातीवर असतंय म्हनं."

"अगं, तुझ्या पोराला शाळेत सवलत कशावर मिळती? बौद्ध म्हनूनच ना? मंग सरकारला ठावं न्हाई व्हय, बौद्ध म्हंजी कोन?"

हे खरंच होतं. पोरांना सवलत मिळत होती. गिरजाबाई खाली बसली.

तेवढ्यात अण्णासाहेब आले, किलोभर पेढे घेऊन. गावातलं जुनं घराणं. जमिनी गेल्या, त्यांच्या चाळी झाल्या, चाळींचं भाडं झालं. त्यांच्या आज्यानं वस्तीच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं होतं. अण्णासाहेबांनी वस्तीच्या कपातला चहा बशीत ओतून फुर्रफुर्र करत संपवला. वस्ती गहिवरली.

"भिमाजीराव, मला तुमचा हा बाणा आवडतो," ते म्हणाले. "मागं सरायचं न्हाई. बौद्ध म्हंजी बौद्ध!"

टाळ्या पडल्या. पेढे पुरले नाहीत म्हणून अर्धे-अर्धे वाटले.

फेब्रुवारीत दौलतराव गुरुजी आले. नगरपालिकेच्या शाळेतले शिक्षक. सायकल, कापडी पिशवी, पिशवीत गणतीच्या चिठ्ठ्या, माणसागणिक एक. नात्यानं अण्णासाहेबांचे चुलतभाऊ, पण दोघांत जाणंयेणं फारसं नव्हतं. पहिलं घर भिमाजीचं. गुरुजींनी नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि पेनाला टोपण लावलं.

"भिमाजी, एक सांगू का? मी सांगणं बरोबर का चूक, माहीत नाही."

"सांगा की."

"आमच्या सूचनांच्या पुस्तकात आहे. अनुसूचित जात लिहायची ती हिंदूची नाहीतर शिखाची. बौद्ध लिहिलं की तो रकाना रिकामा सोडायचा."

"पोरांना सवलत मिळती, तिचं काय?"

"ती राज्याची. ही मोजणी दिल्लीची."

भट्टीच्या दारातून आत बघताना डोळे बारीक करावेत, तसे भिमाजीनं केले.

"कुनी धाडलं तुमाला?"

"कुणी नाही."

"अण्णासाहेबांनी पेढं दिलं, तुमी पुस्तक दावता. घर एकच हाय ना? गुरुजी, तुमच्या आज्याच्या दारात उभं राहून माझा आजा कंच्या नावानं भाकर मागायचा, म्हाईत हाय का? ते नाव आता माज्या तोंडानं सांगू? वर हिंदू सांगू?"

"मी असं लिहा म्हणत नाही. मला तसं म्हणायचा अधिकारच नाही. तुम्ही सांगाल तेच लिहायचं."

"मंग लिवा. बौद्ध. सगळ्या घराचं."

गुरुजींनी लिहिलं. अक्षर रोजच्यापेक्षा बारीक आलं. तिथून पुढं कुठल्याही घरात त्यांनी पुस्तकाचा विषय काढला नाही.

शालनबाई चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी नळावर तिनं ते बायांना सांगितलं. बाराजणी होत्या.

"आपल्यापुरतं जुनं सांगायचं. चिठ्ठी ज्याची त्याची असती. नवऱ्याची नवऱ्याच्या नावाची, आपली आपल्या नावाची. गुरुजी पयल्या तारखेला पडताळायला फिरून येनार हाईत. तवा आपली बदलून घ्यायची."

"मंग खंडुबाला परत नदीतनं काढायचा का गं?" सरूबाई म्हणाली.

"त्यो कशाचा सापडतोय! वाहत पुन्याला गेला आन कुठंतरी चिकाटला असंल नोकरीला," गिरजाबाई म्हणाली.

बाया हसल्या, हंडे एकमेकांवर वाजले.

"देव बदला म्हनती का मी?" शालनबाई म्हणाली. "घरात फोटो हाय तो हाय. कपाळ हाय ते हाय. मी पानी मागती. आज आपन बारा. एकेकीनं पाच जनींना सांगितलं की साठ. साठांच्या..."

"नवऱ्याला कळलं तर?"

"कागुद काय बोलतो व्हय?"

गिरजाबाईनं पहिला हात तोटीवर ठेवला. मग एकेकीनं ठेवला. पाणी बोटांवरून वाहत होतं, आणि पाण्यावर हात ठेवून घेतलेली आण मोडायची नसते, हे त्यांच्या आयांनी त्यांना सांगितलं होतं.

मार्चच्या पहिल्या तारखेला गुरुजी आले तेव्हा भिमाजी पहिल्या शिफ्टला गेला होता. शालनबाई उंबऱ्याशी उभी राहिली.

"माजी चिठ्ठी बदलायची हाय. माजीच. बाकीच्यास्नी हात लावू नका."

गुरुजींनी तिच्याकडं पाहिलं. "घरात विचारलंय का, बाई?"

"चिठ्ठीवर नाव कुनाचं हाय?"

"तुमचं."

"मंग?"

त्यांनी खोडलं. धर्म विचारला, तिनं सांगितला. जात विचारली. ते नाव तिनं सांगितलं, हळू, पण नीट ऐकू जाईल असं. गुरुजी मान खाली घालून लिहीत राहिले. ते गेल्यावर शालनबाई घरात आली, हंड्यातून तांब्याभर पाणी घेतलं आणि मोरीत खळखळून दोनदा चूळ भरली. त्या हंड्यातला थेंब ती कधी वाया घालवत नसे.

गुरुजी पुढच्या घरी गेले. गिरजाबाईच्या दारात तिचा नवरा बाज टाकून बसला होता. दुसऱ्या शिफ्टचा माणूस. गुरुजींनी विचारलं, "काही बदल?" गिरजाबाई म्हणाली, "न्हाई." सरूबाईची सासू आडवी आली. एकीला ऐन वेळी फोटोकडं बघवेना. एक मुद्दाम रानात शेणी गोळा करायला गेली. शालनबाईला यातलं काही माहीत नव्हतं; आण झाली होती, म्हणून तिनं कुणाला विचारलं नाही. वर्षभर ती पाणी भरताना मनात साठ मोजत होती.

वर्ष उलटून गेल्यावर वॉर्डांची यादी लागली. भिमाजीनं ती फळ्यावरून कागदावर उतरवून आणली आणि संध्याकाळी विहारात उभं राहून वाचली. वस्तीच्या वॉर्डाची एकूण लोकसंख्या चार हजार तीनशे बारा. लिहिता-वाचता येणारे इतके. कारखान्यात जाणारे इतके. शेतीवर फक्त एकोणतीस. घरात काम करणाऱ्या बाया "काम न करणारे" या रकान्यात.

"अनुसूचित जाती," त्यानं वाचलं, आणि कागद डोळ्यांजवळ नेला. "पुरुष, शून्य. स्त्रिया, एक."

"वॉर्ड खुला हाय. राखीव दुसरीकडं गेला."

गुरुजींच्या पुस्तकाची गोष्ट भिमाजीनंच शिफ्टवर थट्टेनं सांगितली होती. मागून कोणीतरी म्हणालं, "गुरुजी खरं सांगत व्हते की रं." ते वाक्य भिमाजीच्या अंगावर येऊन पडलं. पडल्यावर त्याला कुठंतरी फेकायलाच हवं होतं. त्यानं कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

"ही एक कोन? नऊशे मानसांनी बाना राखला, आन ही एक कोन हाय? मागासलेली, नदीतलं देव परत काढनारी? हुबी ऱ्हा."

बायांच्या बाजूला कोणी हललं नाही. शालनबाईनं एकदा वळून पाहिलं. एक. साठ नाही, बारा नाही. सरूबाई फरशीवरची रेघ बोटानं पुसत होती. गिरजाबाई मांडीवरच्या नातीच्या झबल्याची गाठ सोडत होती, बांधत होती, सोडत होती.

"बारा..." शालनबाईच्या ओठांवर आलं. गिरजाबाईचं बोट गाठीत थांबलं.

"मी," शालनबाई म्हणाली. "मी एकलीच. मला कुनी सांगितलं न्हाई, मी कुनाला सांगितलं न्हाई."

भिमाजीनं कागदाची घडी घातली. आणखी एक घातली. घड्या घालता येईनात इतका कागद लहान झाला, तेव्हा तो खिशात टाकून निघून गेला.

घरी तो जेवला. हात धुतला आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, "तुझ्या एकानं आला का नळ?"

"तुमच्या नऊशेनं आला?"

त्यानंतर महिनाभर त्यांच्यात मीठ, तेल, शिफ्ट एवढंच बोलणं झालं. मधे अण्णासाहेब एकदा गाडी थांबवून म्हणाले, "भिमाजीराव, बाणा राखलात बरं का! इलेक्शनला आपली वस्ती माझ्यामागं पायजे." भिमाजी "व्हय" म्हणाला. आणखी काय म्हणणार? नव्या पाइपाचे तुकडे त्या आठवड्यात रुळापलीकडं, अण्णासाहेबांच्या चाळीपुढं येऊन पडले होते.

शालनबाई नळावर जात राहिली. पहिल्या दिवशी तिनं हंडा रांगेत ठेवला, तेव्हा पुढचा हंडा थोडा पुढं सरकला. मागचा थोडा मागं. तिच्या हंड्याच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा राहिली. हातभर. ते अंतर शालनबाईच्या आजीनं तिला सांगितलं होतं, दुसऱ्या गावातलं, दुसऱ्या विहिरीवरचं. तेव्हा ते मोजणारे परके होते.

तिची पाळी आली. गिरजाबाई तोटीपाशी होती.

"भर की," गिरजाबाई दुसरीकडं बघत म्हणाली, आणि तोटीवरचा हात लगबगीनं काढून घेतला.

हंडा भरेपर्यंत बाकीच्या बाया रूळ ओलांडून गेल्या. पूर्वी शेवटच्या बाईचं भरेपर्यंत सगळ्या थांबायच्या, डोक्यावर हंडा चढवायला हात लागतो म्हणून. शालनबाईनं हंडा आधी मांडीवर घेतला, मग छातीशी, मग कसाबसा डोक्यावर. अर्धा अंगावर सांडला. रुळापाशी आली तोवर मालगाडी आली.

ती उभी राहिली. पलीकडं डब्यांच्या फटींतून बायांची लुगडी दिसत होती, जात होती. खूप दिवसांनी तिच्या तोंडात ओवी आली. उचलायला कुणी नव्हतं, म्हणून ती पुटपुटली:

मोजनी झाली बाई, मोजल्या उंबऱ्याच्या चुली
हंड्यानं मोजली वाट, ती कुनी न्हाई लिवली

गाडी लांब होती. कळ मानेतून पाठीत उतरली, आणि अजून डबे येतच होते.