गावाला पुरणारी सतरंजी

मित्रांनो, अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून तुम्ही कधी जमिनीवर बसला आहात का? माणसांना तसे बसवणे हेच माझे काम होते. मी एक जुनी सतरंजी आहे, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची आणि सगळ्या गावाला पुरेल एवढी मोठी. वसईत गिरीजकडून भुईगावच्या बाजूला निघालात की केळीच्या वाड्यांमध्ये आमचे लहानसे गाव लागते. तिथल्या जुन्या ग्रामपंचायतीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे मी गुंडाळून उभी असते.

माझा जन्म तुरुंगातला. शिक्षा भोगणाऱ्या एका माणसाने मला तिथल्या मागावर विणले. एका निवडणुकीच्या दिवशी त्याचा सोबती म्हणाला, "आज आपल्या गावात मतदान असेल." माझा विणकर म्हणाला, "असेल. आपल्याला कोण विचारतो?" आणि तो पुन्हा लोखंडी पंजाने धागे दाबू लागला. त्याच्या आवाजातले दुःख मला तेव्हा समजले नाही. ते समजायला मला गावात यावे लागले.

गावात ग्रामसभा असली की मला शाळेच्या पटांगणात पसरत. नारळाच्या वाड्या करणारे, भातशेती करणारे, मासळी विकणारे, देवळात जाणारे आणि चर्चमध्ये जाणारे, सगळे माझ्यावरच बसत. बायका मात्र अगदी काठावर, चपलांच्या शेजारी बसत. का, ते कोणी विचारत नसे.

एका सभेत सरपंचांनी सांगितले की गावातले बावखल बुजवून तिथे हॉल बांधायचा. बावखल म्हणजे पूर्वजांनी खणलेले गोड्या पाण्याचे तळे. त्याच्यावर वाड्या जगतात. सरपंच माणूस म्हणून वाईट नव्हते. गावाला हॉल हवा, असे त्यांना मनापासून वाटत होते. पुरुषमंडळींनी माना डोलावल्या.

तेवढ्यात काठावरून फ्लोराबाय उठली. ती भाजीची वाडी करायची.

"मला बोलायचंय," ती म्हणाली.

"या मंडळींचं होऊ दे बाय, मग बोल," सरपंच म्हणाले.

"सभा यांची हाय का गावाची?"

असे म्हणून ती चालत माझ्या मधोमध आली. तिच्या पायांचा चिखल माझ्या पट्ट्यांवर उमटला. ती म्हणाली, "हॉल बांधा, पन दुसरीकडे. बावखल बुजवलं तर विहिरींचं पानी खारट होईल. मग हॉलमध्ये बसून पिणार काय?"

मग भातशेती करणाऱ्या धर्माने हात वर केला. त्याच्यामागून दुसरा, मग काठावरच्या सगळ्या बायकांनी. सरपंचांनी सगळीकडे पाहिले आणि ते म्हणाले, "गावाचं म्हणणं दिसतंय. बावखल राहील." त्या दिवसानंतर बायका मधेही बसू लागल्या.

पुढे आमचे गाव महानगरपालिकेत गेले आणि ग्रामसभा बंद झाली. मित्रांनो, माझ्याशी कोणी वाईट वागले नाही. फक्त कोणाला माझी गरज उरली नाही. मला गुंडाळले आणि दार लावून घेतले. ओल आली, उंदीर आले, कडेचे धागे गेले. निवडणूक आली की बाहेर सभा भरे, पण तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या असत. सगळ्या खुर्च्यांची तोंडे व्यासपीठाकडे असत. लोक ऐकत आणि उठून जात. उठून विचारणारा आवाज मी भिंतीपलीकडून किती तरी वेळा शोधला. तो ऐकू आला नाही.

बऱ्याच वर्षांनी दार उघडले. म्हाताऱ्या झालेल्या धर्माने मला बाहेर काढून झटकले. कोणा ठेकेदाराने बावखलात राडारोडा टाकायला सुरुवात केली होती. फ्लोराबायने तक्रार केली, पण कोणी पाहायला आले नाही. मग प्रभाग कार्यालयाच्या दारात जाऊन बसायचे, असे गावाने ठरवले.

पहिल्या दिवशी मी काठोकाठ भरले. इतक्या माणसांची ऊब मला पुन्हा मिळेल, असे वाटले नव्हते. दुसऱ्या दिवशी माणसे कमी झाली. कोणाला कामावर जायचे होते, कोणाला ऊन सोसत नव्हते. मग धर्माला ताप आला. एका दुपारी माझ्यावर फक्त फ्लोराबाय उरली. चारी बाजूंना मी रिकामी आणि मधे ती.

एक अधिकारी बाहेर आले. "आजी, एकट्याच? बाकीचे कुठे गेले? घरी जा, ऊन लागेल."

"मी एकटी हाय म्हणून माझा हक कमी होतो काय, साहेब? एकदा येऊन बावखल बघा. एवढंच मागते."

ते आत गेले. ते गेल्यावर तिने पदर डोळ्यांना लावला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटले, ती घाम पुसते आहे.

थोड्या वेळाने एक तरुण मुलगी थांबली. तिचे नाव तेजस्वी. ती वालीवच्या कारखान्यात कामाला होती, आमच्या गावालगतच्या नव्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहत होती आणि नळाला पाणी येत नाही म्हणून तक्रार घेऊन आली होती.

"काकी, तुम्ही इथे का बसल्यात?"

फ्लोराबायने सगळे सांगितले. तेजस्वी म्हणाली, "आमच्या बिल्डिंगमागचं तळं? मला वाटलं, कोणाचं तरी असेल."

"कोणाचं तरीच हाय. तुझं हाय."

तेजस्वीने सँडल काढले. मग ती घुटमळली. "पण मी इथली नाही ना."

"पानी इथलं पितेस ना? मग बस."

ती बसली. तिने फोनवर आपल्या बिल्डिंगच्या ग्रुपला कळवले. पुष्कळांनी होकाराच्या अंगठ्याचे चित्र पाठवले, आले थोडेच. पण जे आले ते उठले नाहीत. कार्यालय बंद व्हायच्या सुमारास तेच अधिकारी पुन्हा बाहेर आले. या वेळी त्यांच्या हातात गाडीची किल्ली होती. "चला, दाखवा," ते म्हणाले.

भराव थांबला. अर्धे बावखल आधीच गेले होते, ते परत मिळाले नाही. अर्धे वाचले.

तेव्हापासून महिन्यातल्या एका रविवारी, चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, झाल्यावर, शाळेच्या पटांगणात लोकांनी जमायचे ठरले. गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात फ्लोराबाय देवाघरी गेली. तिला निरोप द्यायला एवढी माणसे आली की चर्चमध्ये उभे राहायला जागा नव्हती, असे म्हणतात. पुढच्याच सभेला मात्र एका बाकावर मावतील इतकीच आली.

धर्माने मला अर्धीच उलगडली. "एवढी पुरे. उगाच कशाला सगळी मळवायची?"

तेजस्वीने वाकून माझे दुसरे टोक धरले. "पूर्ण पसरा काका. उशिरा येणाऱ्याला आपली जागा दिसली पाहिजे."

मित्रांनो, त्या दिवशी उशिरा कोणी आले नाही. रस्ता, नळ आणि उरलेले बावखल यांबद्दल ती चार माणसे बराच वेळ बोलत राहिली. माझा बाकीचा सारा भाग उन्हात तसाच पडून होता. माझे धागे आता विरत चालले आहेत. पण मला जपायचे असेल तर घडी घालून कपाटात ठेवू नका. चपला बाहेर काढा, या आणि माझ्यावर बसा. अगदी काठावर बसलात तरी चालेल.