मागची भिंत

“वैनी, आता एकदाचं काय ते सांगा,” अनंता गवंडी ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाला. “खिडकी ठेवायची का बुजवायची? परवा बोल्लात नको. काल बोल्लात ठेव. आज सकाळी पुन्हा नको. ही भित हाय का गोधडी, रोज उसवायला नि रोज शिवायला?”

गोदू पदराला हात पुसत उभी राहिली. नव्या स्वयंपाकघराची मागची भिंत तिच्या खांद्यापर्यंत आली होती आणि मधोमध हातभर रुंदीची जागा तेवढी मोकळी सोडली होती. त्या जागेतून मारुतीच्या देवळाची पाठ दिसत होती.

“जरा दम धर. माती कालव तवर.”

“कालवून कालवून माती पण कंटाळली वैनी. उद्या ती मलाच विचारील, अनंता, मी भितीत जाऊ का घरी जाऊ?”

माजघरातून खोकल्याची उबळ ऐकू आली. ती धोंडीबाई, गोदूची सासू. दम्याची म्हातारी. उबळ ओसरल्यावर तिचा आवाज आला, “तिला नुको विचारू अनंता. तीन डाव चूल फिरवली तिनं या घरात. चूल हाय का चुकलेली म्हस?”

अनंता हसला. गोदूला मात्र हसू आलं नाही. रात्रंदिवस तिच्या डोक्यात ही चूल फिरत होती.

त्याचं असं झालं होतं. सन अडतीसच्या शिमग्यात चुलीतली ठिणगी उडून कारवीच्या काड्यांच्या, मातीनं लिंपलेल्या कुडाला लागली. शेजारीपाजारी धावले, घर वाचलं, पण मागचा कूड अर्धा जळाला. गोदूचा नवरा यमाजी तसा सावकाशीचा माणूस, पण त्या दिवशी जळक्या कुडासमोर उभा राहून त्यानं एका दमात सांगून टाकलं, “बस झाला कूड. आता विटांची भित.” काळू नदीच्या काठच्या भट्टीवरून विटा आल्या, मुरबाडहून अनंता आला, आणि चैत्री पुनवेला मारुतीचा जन्म, त्याच्या आत काम उरकायचं ठरलं.

काम ठरवणं सोपं. चूल कुठं मांडायची, पाणी कुठं, जातं कुठं, हे ठरवणं म्हणजे काय, ते ज्यानं कधी रांधलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. गोदूनं उखणलेल्या जमिनीवर राखेच्या रेघा ओढून पाहिल्या. चूल होती तिथंच, मागच्या भिंतीला ठेवावी, तर अनंता म्हणाला, तिकडून पावसाचा वारा, खिडकी ठेवली तर जाळ तुमच्या लुगड्यावर येईल, न ठेवली तर धुरानं डोळे जातील. मग चूल विहिरीकडच्या भिंतीला घेतली. तिच्यावर खिडकी, धूर सरळ बाहेर, पाऊस तिकडून येत नाही. सगळ्यांना पटलं. गोदूलाही पटलं. पण चूल तिकडे गेली की पाण्याचे हंडे दाराशी आले. जातं कोपऱ्यात गेलं. जातं ओटीवर नेऊ म्हटलं, तर यमाजी म्हणाला, “पहाटे तू दळायला बसलीस की ओटीवरचा पावणा गाव सोडंल.” हंडे मागच्या भिंतीला नेऊ म्हटलं, तर ओलीनं कणगीतलं भात कुजायचं. फिरून फिरून मागच्या भिंतीशी एकच लांब जागा उरत होती, आणि ती धोंडीबाईच्या अंथरुणाची होती. पावसाळ्याचे चार महिने म्हातारीचा श्वास चुलीच्या उबेवर चाले. त्या भिंतीला खिडकी ठेवली तर वारा थेट तिच्या उशाशी.

म्हणजे खिडकी नकोच. एवढं सरळ होतं. तरी गोदूच्या तोंडून “बुजव” निघून टिकत नव्हतं, कारण ती खिडकी तिला ना धुरासाठी हवी होती, ना उजेडासाठी. तिला ती कीर्तनासाठी हवी होती.

चैत्रात तीन संध्याकाळ मारुतीच्या देवळापुढं कुंडलिकबुवांचं कीर्तन होई. बुवा शहापूरकडचे, शेतकरीच, पण वाणी अशी की ऐकणाऱ्याच्या मांडीखालची मुंगी चावायची विसरावी. आणि बुवांच्या पानाचा मान यमाजीच्या आज्यापासून या घराचा. आरती झाली की बुवा, मृदंगवाला आणि टाळकरी इथं जेवायचे, आणि भात वाफेचाच हवा, ही घराची रीत. त्यामुळं गोदू लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून मांडवात कधी बसलीच नव्हती. सारं गाव कीर्तनाला आणि ती चुलीपुढं.

पण कीर्तनच तिच्याकडे यायचं. कुडाची माती सुटून कारवीच्या काड्यांमध्ये बोटबोट फटी पडल्या होत्या. भाकऱ्या थापताना मृदंग तेवढा कळे, शब्द थापांत बुडून जात. भाकऱ्या आटपल्या, हात धुतले, की कान मोकळा. मग बुवांची गोष्ट सुरू असे ती शेवटापर्यंत तिच्या एकटीची. बुवांनी भैरवी धरली की उकळत्या आधणात तांदूळ वैरायचे. आरती, अंगारा, प्रसाद होऊन माणसं ओटीवर येईतो भात वाफेला लागलेला. कधी चुकलं नाही. वर्षाचा भात-नाचणी, लावणी-झोडणी, आजारपणं, रुसवेफुगवे या साऱ्यातून ती त्या तीन संध्याकाळींवर नजर लावून चालत असे.

हे सांगायचं कसं? “कीर्तन ऐकायला खिडकी पायजे,” म्हटलं असतं तर सारं गाव हसलं असतं, यमाजीची बायको भात रांधते का टाळ कुटते म्हणून. तिनं एकदा आडून काढून पाहिलं.

“अवो, भिंत झाली म्हंजे ऐकू काय येनार नाय. भाताचा अंदाज कसा यायचा?”

“हात्तिच्या!” यमाजी म्हणाला. “मी येन की उठून सांगायला. बुवानं भैरवी धरली, की मी दारात उभा.”

गोदूनं सूप ओढलं आणि तांदूळ निवडू लागली.

त्या दिवशी अनंता माती तुडवत होता तेवढ्यात धोंडीबाई काठी टेकत आली. “बगू तरी माझी जागा,” म्हणून गोणपाट टाकून मागच्या भिंतीशी आडवी झाली. डोकं बरोबर त्या मोकळ्या जागेखाली. चैत्राचा वारा, कोरडा, भुसकट घेऊन आला. म्हातारीला उबळ आली ती थांबेचना. गोदू पाठ चोळायला बसली. लुगड्यावरून बरगड्या हाताला लागत होत्या, एकेक. हा कोरडा वारा असा, तर आषाढातला कसा असेल?

उबळ थांबली तशी ती उठली.

“अनंता, बुजव.”

“नक्की?”

“बुजव म्हनते ना!”

अनंतानं वीट उचलली. गोदू कळशी घेऊन विहिरीवर गेली. पाणी भरलेलं होतं घरात, तरी गेली. परत आली तेव्हा देवळाची पाठ दिसेनाशी झाली होती.

स्वयंपाकघर देखणं झालं, यात वाद नाही. गोदूनं वारुळाची माती आणून स्वतःच्या हातानं चूल घातली, जुन्या चुलीतला निखारा खापरात आणून नवी पेटवली. धूर सुतासारखा सरळ खिडकीबाहेर गेला. शेजारची भिमी येऊन म्हणाली, “म्हाल झाला गो राणीचा!” गोदू हसली. पण मीठ घ्यायला हात जुन्या जागी जायचा आणि विटेला लागायचा. चूल विहिरीकडे आणि ती मध्येच मागं वळून बघायची, जणू कुणी हाक मारली. परत एकदा तिनं मनात सारं घर फिरवून पाहिलं. चूल इकडे, जातं तिकडे, म्हातारी पलीकडे. नाही जमलं.

कीर्तनाची पहिली संध्याकाळ आली. बुवा दुपारीच बैलगाडीनं येऊन उतरले होते. दिवेलागणीला यमाजी धुतलेला सदरा घालून निघाला.

“सांगायला यायचं ध्यानात हाय ना?” गोदूनं विचारलं.

“तर! येडा हाय का मी?”

भाकऱ्या झाल्या. आमटी झाली, ती चुलीच्या कडेला गरम ठेवली. वांग्याची भाजी उतरवली. तांदूळ धुऊन रोवळीत निथळत ठेवले, आधण चढवलं, हात धुतले. कान मोकळा झाला आणि ऐकायला काही नव्हतं. चुलीचा आवाज, म्हातारीच्या श्वासाचा आवाज. गोदू उठली, बसली. आधणात आणखी तांब्याभर पाणी घातलं. मागच्या भिंतीला कान लावला. ओल्या मातीचा वास आला.

“भितीला काय विचारतेस?” धोंडीबाई अंथरुणावरून म्हणाली.

“काय नाय.”

विहिरीकडून वळसा घालून ती देवळाच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. मृदंग चालला होता, अभंगच होता अजून. गोष्टीला वेळ होता. दोन शब्द कानावर पडले न पडले तोच आमटी उतू गेल्याचा वास आला आणि ती धावत परत आली. मग म्हातारीची उबळ. मग काढा. मग पुन्हा आधणात पाणी. यमाजी येईल, आता येईल.

यमाजी आला. पण त्याच्या मागून ओटीवर पाय धुतल्याचे, खाकरल्याचे, टाळ खाली ठेवल्याचे आवाज आले. त्याचा चेहरा नुकत्या न्हालेल्या पोरासारखा झाला होता.

“काय रंगवलं गो बुवानं आज! डोळ्यातून पानी नि पानी. वाढ, वाढ लवकर.”

गोदू त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं रोवळीकडे बघितलं. त्यानंही बघितलं.

“तुमी सांगायला येनार होतात.”

यमाजी मटकन उंबऱ्यावर टेकला. “नादात बसलो गो,” तो हळूच म्हणाला. “गोष्ट संपली तरी डोक्यात चालूच व्हती, उठावं कसं?”

त्याला दोष द्यायला तिची जीभ वळेना. तिथं ती असती तर तीही उठली नसती. तिनं तांदूळ आधणात वैरले आणि जाळ सारला.

ओटीवर कुजबुज सुरू झाली. आज्यापासूनचा मान, आणि पाहुणे बसले आहेत, आणि भात अजून पाण्यात. यमाजी बाहेर जाऊन काहीतरी पुटपुटू लागला. जरा वेळ होईल, म्हंजे त्याचं असं झालं, की... तेवढ्यात धोंडीबाई काठी घेऊन माजघराच्या दारात उभी राहिली.

“बुवा, त्याला बोलता येत नाय, मी बोलते. चूक सुनंची नाय. माझ्या उशाला वारा लागंल म्हून तिनं खिडकी बुजवली. नायतर त्या कुडातून तुमचं समदं ऐकायची ती. मला ठावं नाय व्हय? भाकर थापता थापता हात थांबायचा नि तव्यावरची करपायची. इतकी वर्सं ती करपल्याली भाकर मीच गिळली हाय!”

आत गोदूनं पदर पुढं ओढला. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

मग कुंडलिकबुवा हसले. उठले, माजघर ओलांडून आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, चौकटीला पाठ टेकून खाली बसले. तास दोन तास उभं राहून गायलेला माणूस. घसा बसलेला, गुडघे कुरकुरणारे, पोटात कावळे.

“बाय,” ते म्हणाले, “भात शिजतोय तवर मी रिकामाच हाय. काय ऐकायचं राहिलं तुजं?”

गोदू चुलीकडे तोंड करून बसून राहिली.

“अगं, बोल की,” यमाजी म्हणाला.

“सुरवात,” ती म्हणाली. इतकं हळू, की बुवांना पुढं वाकावं लागलं. “शेवट समदे ठावं हायत मला. सुरवात भाकरीत जाते.”

बुवांनी मान हलवली. एकदा, दोनदा. मग डोळे मिटले, बोटांनी गुडघ्यावर ठेका धरला आणि त्या बसल्या घशानं, मृदंग नाही, टाळ नाही, मारुतीच्या जन्माची गोष्ट मुळापासून सुरू केली. राजाच्या अंगणात यज्ञ पेटला आहे. अग्नीतून पायसाचं पात्र वर आलं आहे. राण्यांना वाटे वाटले जात आहेत. ओटीवरची माणसं एकेक करून माजघरात येऊन बसली. कुणी भुकेचा शब्द काढला नाही.

यमाजी चुलीशी सरकला आणि तिच्या कानाशी म्हणाला, “उद्याच अनंताला बोलवतो. भोक पाडून घेऊ भितीला.”

गोदूनं मागच्या भिंतीकडे पाहिलं. म्हातारी पुन्हा येऊन आपल्या अंथरुणावर बसली होती. पाठ भिंतीला, तोंड उंबऱ्याकडे, श्वास बरा चालला होता.

“नुको,” ती म्हणाली. “आषाढात वारा कुनाच्या उशाला येल?”

“मग तुजं?”

“माजं काय. ऐका आता. गप बसा.”

बुवांच्या गोष्टीत घार आली. तिनं झडप घातली, राणीच्या हातातला वाटा उचलला आणि उडाली. खाली राजवाडा लहान झाला, नदी दोरीएवढी झाली. दूर डोंगरावर एक बाई डोळे मिटून उभी होती. ओंजळ पुढं केलेली, ओंजळीत काही नाही.

भाताला वास सुटला. पाणी आटून वर वाफेची भोकं पडली होती. आता एक उकळी, की उतरवायचा. यमाजी पत्रावळी मांडायला उठला.

घार अजून आभाळात होती.

गोदूनं हात पुढं केला, चुलीतलं जळतं लाकूड बाहेर ओढलं आणि त्याचं टोक राखेत दाबून धरलं. यमाजीनं ते पाहिलं. त्यानं हातातल्या पत्रावळी आवाज न करता खाली ठेवल्या आणि परत बसला.