रोलरसमोरची दांडी

“कुठल्या शिंप्यानं ही काजं केलीत कोण जाणे. मुंगीसुद्धा शिरायची नाही आत. हात झडो मेल्याचे.”

धाकटी पुटपुटली आणि लगेच तिनं जीभ चावली. पण गेलेला शब्द काही परत गिळता येत नाही. थोरली हात पुढे करून उभी होती. कामाच्या शर्टाची बाकीची बटणं ती आता एकटी लावायला शिकली होती. डाव्या मनगटाचं बटण लावायला मात्र उजवाच हात लागतो, आणि उजव्या हाताला आता अंगठा सोडून काही उरलं नव्हतं.

“झालं,” धाकटी म्हणाली आणि दुसरी बाही ओढून त्या हातावर आणायला लागली.

“राहू दे ती. दुमड वर. झाकायला मी काही चोरी केलेली नाही.”

धाकटीनं बाही दुमडली. दोघी घराबाहेर पडल्या. रस्ताभर एकीनं दुसरीकडे पाहिलं नाही.

दोघी सख्ख्या जावा. घरात एका पातेल्याच्या दोन कडा धरून उतरवायच्या आणि लाँड्रीत एका चादरीची दोन टोकं धरून उभं राहायचं, असा त्यांचा संसार. लाँड्री मोठी, दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारी. धुऊन पिळून आलेली चादर दोघींनी दोन बाजूंनी ताणायची, सुरकुती काढायची आणि तापलेल्या रोलरखाली सरकवायची. पलीकडून ती कोरडी, कडक इस्त्री होऊन बाहेर पडते. जोडी जमलेली असली की बघत राहावं असं काम. या दोघींची जमलेली होती. थोरलीनं मान हलवायच्या आधी धाकटीचा हात हललेला असायचा.

रोलरच्या तोंडाशी एक दांडी होती. तिला हात लागला की मशीन जागच्या जागी थांबायचं. सोय चांगली, ज्यानं काढली त्याचं भलं होवो. पण दांडीला हात कळत नाही आणि कापडही कळत नाही. ओल्या चादरीचा बोळा आला की तोही दांडीला लागायचा, मशीन थांबायचं, आणि रोलरखाली अडकलेली चादर करपायची. करपलेली चादर जोडीच्या पगारातून कापली जायची. मग बायकांनी काय करावं? फाटक्या चादरीची पट्टी काढायची आणि सकाळी दांडी सांगाड्याला घट्ट बांधून टाकायची. जी आधी येईल तिनं बांधायची. घरात जी आधी उठते ती पाणी तापवते, त्यात विचारायचं काय?

सुपरवायझरला बायका ‘चालूदे’ म्हणायच्या. मशीन थांबलं की तो कुठूनही उगवायचा आणि म्हणायचा, “का थांबलं? चालू दे, चालू दे.” दांडी बांधा असं त्यानं कधी तोंडानं सांगितलं नाही. तेवढा तो हुशार होता. बांधलेल्या दांडीवर हात टेकून उभा मात्र राहायचा.

त्या दिवशी थोरली सासूला दवाखान्यात सोडून उशिरा आली. दांडी बांधलेली होती. तिनं बघितलीही नाही. उंबरठा कुठं रोज बघतो आपण. दुपारी एका चादरीच्या उसवलेल्या काठात तिची बोटं अडकली आणि चादरीबरोबर आत गेली. मनगट दांडीवर आदळलं. दांडी जागची हलली नाही. धाकटी चादरीचं टोक सोडून भिंतीवरच्या बटणाकडे धावली. मशीन थांबलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सुरुवातीला कंपनीला मायेचा पूर आला. मॅनेजर फळं घेऊन दवाखान्यात आला. तुम्ही आमच्या घरच्याच, म्हणाला. चालूदेनं डोळे पुसले. बसायचं काम देऊ, घड्या मोजायचं, काळजी करू नका. थोरलीला ते खरं वाटलं. माणूस गुंगीत असला की त्याला काहीही खरं वाटतं. घरी आली आणि बघता बघता पूर ओसरला. बसायच्या कामाला जागा नव्हती. फाटकावरच्या वॉचमननं तिला आत सोडलं नाही आणि ‘वहिनी, मला वरून सांगितलंय’ असं खाली मान घालून बोलला.

पट्टी बदलणाऱ्या नर्सनं तिला शहाणं केलं. ती नर्स तोंडाची फटकळ. साहेब काय देतील ते देतील, असं थोरली म्हणाली तेव्हा ती उखडलीच. कामावर हात गेला की भरपाई द्यावीच लागते, म्हणाली, ते दान नाही, तुमचा हक्क आहे. तुमचं लक्ष जरा चुकलं असलं तरी द्यावी लागते. फक्त संरक्षणाची वस्तू तुम्ही स्वतः, मनाई असताना, मुद्दाम काढलेली किंवा निकामी केलेली नसली म्हणजे झालं.

अर्ज गेला. कंपनीचं उत्तर आलं आणि त्यात नेमकं तेच होतं. दांडी हिनं स्वतः बांधली, मनाई असताना, मुद्दाम.

कंपनीनं अंगठा दाखवला, आणि हिच्या हाताला उरला होता तोही अंगठाच. थोरली त्या दिवशी एवढी हसली की सासू घाबरून उठून बसली.

त्यानंतर घरात जो गप्पपणा आला तो काही जाईना. कारण दांडी कोणी बांधली हे घरात दोघींना ठाऊक होतं. थोरली उशिरा आली होती. आधी आली होती ती धाकटी. एवढं एक वाक्य बोललं की थोरली सुटत होती. पण दोघींचे नवरे बाजारात हमाली करणारे, काम मिळालं तर मिळालं. आता घर चालत होतं ते धाकटीच्या पगारावर. तिचं नाव घेतलं की तिची नोकरी गेली. मग भरपाई येईपर्यंत पाच माणसांनी काय रोलर चाटायचा? चालूदेनं धाकटीला बाजूला घेऊन विचारलंही होतं, तू काही बघितलं नाहीस ना? नाही ना? बस तर मग. ती नाही म्हणाली होती, हेही थोरलीला कळलं होतं.

म्हणून धाकटी रोज हिची वेणी घालायची, बटण लावायची, पान वाढून पुढे ठेवायची, घास तोडून द्यायची. थोरलीला त्या प्रत्येक घासाचा राग यायचा. सेवा नको गं बाई मला, तिच्या ओठांवर यायचं, एक वाक्य बोल. पण तीही ते बोलत नव्हती. एकमेकींची भीड अशी, की गळ्याशी आलं तरी सुटेना.

आज भरपाईच्या ऑफिसातली अधिकारी बाई जागा बघायला आली होती. पिकल्या केसांची, सर्दीनं बेजार, सारखी रुमाल शोधणारी. लाँड्री नव्या नवरीसारखी सजवून ठेवलेली होती. दांडीला पिवळाधमक रंग, आणि भिंतीवर पाटी: दांडी बांधण्यास सक्त मनाई आहे. पाटीचा रंग इतका ताजा की थोरली जवळून गेली तर बाहीला लागला.

मॅनेजरनं अधिकारी बाईंना समजावलं की मशीन मोकळ्या दांडीनं उत्तम चालतं, बांधायची गरजच नाही, ही बाई आपल्या सोयीसाठी बांधायची. हे सगळं तो थोरलीच्या समोर, थोरली तिथे नसल्यासारखं बोलला. मग त्यानं मशीन चालवून दाखवायला सांगितलं. एका टोकाला धाकटी, दुसऱ्या टोकाला थोरलीच्या जागी नवी बाई. चादर आधीच काढून ठेवलेली, लहान, पातळ, अर्धी वाळलेली. ती लोण्यासारखी गेली.

अधिकारी बाईंनी नाक पुसलं आणि ‘त्या गाडग्यातली द्या’ म्हणाल्या. ओल्या चादरींनी भरलेल्या चाकाच्या गाडीला गाडगं म्हणत हे त्या तेवढ्यात शिकल्या होत्या. मॅनेजरनं चालूदेकडे पाहिलं. देण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

दुहेरी पलंगाची चादर आली, पाण्यानं जड, पीळ न सुटलेली. नव्या बाईला ताण धरता येईना. बोळा पुढे सरकला, दांडीला लागला, आणि मशीन थांबलं. क्षणात करपल्याचा वास सुटला.

“का थांबलं?” चालूदेच्या तोंडातून सवयीनं निघालं. “चालू दे, चालू दे.”

आणि धाकटीचे हात हलले. तिनं कमरेला खोचलेली चादरीची पट्टी ओढली, दांडीभोवती दोन वेढे घातले, गाठ मारली, गाठीवर अंगठा दाबून बघितला. मशीन सुरू झालं. तिनं चादरीचं टोक पुन्हा उचललं तेव्हा तिच्या लक्षात आलं की सगळे तिच्या हातांकडे बघताहेत.

मॅनेजरनं स्वतः जाऊन मशीन बंद केलं. घड्या घालणाऱ्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले.

“हे कोणी शिकवलं तुम्हाला?” अधिकारी बाईंनी विचारलं.

उत्तर मॅनेजरनं दिलं. या दोघी जावा आहेत मॅडम, एका घरातल्या. मोठीनंच लावलेली वाईट सवय ही, दुसरं काय.

थोरलीच्या डोक्यात सणक गेली. फळं आणणारा हाच. घरच्याच तुम्ही, म्हणणारा हाच. ती दोन पावलं पुढे आली.

“हो, मीच शिकवलं,” ती म्हणाली. “मला माझ्या आधीच्या बाईनं शिकवलं. तिला तिच्या आधीचीनं. तेव्हा ही पाटी नव्हती. ती परवा उगवली, बघा माझ्या बाहीला लागलीये. आणि हे सुपरवायझर साहेब दांडीला टेकून उभे असायचे. मोकळ्या दांडीला टेकले असते तर मशीन बंद नसतं पडलं?”

चालूदे पाटीकडे बघायला लागला.

“बरं,” अधिकारी बाई म्हणाल्या. “पण मला त्या दिवसाचं सांगा. त्या दिवशी कोणी बांधली होती?”

आता आली गाठ. थोरलीनं धाकटीकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि ती जमिनीकडे बघत उभी राहिली. म्हणावं तर घर बुडतं, न म्हणावं तर हात फुकट जातो. राग इतका होता की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून आणखी राग आला. मॅनेजर म्हणाला, बघा, उत्तर नाही.

“मी.”

धाकटी अजून चादरीचं टोक धरून उभी होती. तिचा आवाज खूप मोठा आला. मशीनच्या आवाजावर बोलायची जन्माची सवय, आणि मशीन तर बंद होतं.

“मी बांधली होती. ताई उशिरा आल्या, त्यांनी हातही लावला नव्हता. रोज जी आधी येते ती बांधते, यांच्या डोळ्यांदेखत बांधते, आणि नाही बांधली तर पगार कापतात. विचारा या सगळ्यांना.” तिनं श्वास घेतला. मग थोरलीकडे वळली, आणि तरी तिचा आवाज काही खाली आला नाही. “मी बांधली होती, ताई. तुमचा हात माझ्या गाठीनं गेला.”